विश्लेषण : असाइनमेंट नक्की लिहिली कुणी? गोंदियाच्या प्राध्यापकांसमोरचा नवा पेच, आणि त्यावरचे साधे उपाय

परीक्षेत कॉपी पकडायला भरारी पथक येतं. पण घरून लिहून आणलेली असाइनमेंट विद्यार्थ्याने स्वतः लिहिली, की मित्राच्या वहीतून उतरवली, की मोबाईलवरच्या चॅटबॉटकडून लिहून घेतली, हे तपासायला कोणतंही पथक येत नाही. तिथे फक्त वर्गावरचा प्राध्यापक असतो.

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, सालेकसा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. या आठही तालुक्यांतल्या महाविद्यालयांना आज हाच प्रश्न पडलाय. कॉपी म्हणजे नक्की काय, नियम कुठपर्यंत पोहोचतो, सॉफ्टवेअरवर किती विश्वास ठेवायचा आणि एकट्या प्राध्यापकाच्या हातात काय उरतं, ते समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का ऐरणीवर आलाय?

याची कारणं दोन.

पहिलं कारण, अभ्यासक्रम बदलला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात पदवीची नवी श्रेयांक रचना आली. २० एप्रिल २०२३ रोजी तिचा शासन निर्णय निघाला. संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू होऊ लागली. या रचनेत फील्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग, संशोधन प्रकल्प अशा घटकांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. यातल्या बहुतेकांचा शेवट कशात होतो? अहवालात. पूर्वी बीएच्या विद्यार्थ्याची मुख्य परीक्षा म्हणजे तीन तासांचा पेपर. आता त्याच्या गुणपत्रिकेचा बराच भाग घरी बसून लिहिलेल्या पानांवर ठरतो.

दुसरं कारण, लिहून देणारं यंत्र हातात आलं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी उचलेगिरीला थोडे तरी कष्ट होते. कुणाची तरी वही मागावी लागे, झेरॉक्सच्या दुकानातून जुना प्रोजेक्ट आणावा लागे, इंटरनेटवर शोधावं लागे. आता विषयाचं नाव टाकलं की पाच पानं तयार, तीही मराठीत.

म्हणजे घरच्या लेखनाचं वजन वाढलं, आणि नेमकं त्याच काळात ते दुसऱ्याकडून करून घेणं सोपं झालं.

कायदे तर भरपूर आहेत, मग अडचण काय?

महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. विद्यापीठ आणि बोर्ड, दोन्हींच्या परीक्षा त्यात येतात. सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यातही परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या चौकशीची तरतूद आहे. नीटच्या गोंधळानंतर २१ जून २०२४ पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला. पण त्याचा रोख स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांतल्या पेपरफुटीवर आणि टोळ्यांवर आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते परीक्षा केंद्राचा विचार करतात. बाक, पर्यवेक्षक, सीलबंद पाकीट, चिठ्ठी. असाइनमेंट या चौकटीत बसत नाही.

मग यूजीसीचा वाङ्मयचौर्याचा नियम?

इथेच खरी मेख आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम आणले. त्यात साम्याच्या टक्केवारीनुसार चार पातळ्या आहेत.

- १० टक्क्यांपर्यंत साम्य : किरकोळ, शिक्षा नाही.
- १० ते ४० टक्के : सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं.
- ४० ते ६० टक्के : एक वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही.
- ६० टक्क्यांच्या वर : त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द.

ही टक्केवारी सगळ्यांना माहीत असते. पण हे लागू कशाला होतं, ते फार कमी जण वाचतात. विनियमांच्या व्याख्येत शोधनिबंध, प्रबंध, लघुप्रबंध, पुस्तकं असं लेखन येतं. आणि त्याच व्याख्येत स्पष्ट म्हटलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका यातून वगळल्या आहेत.

म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी या नियमाच्या कक्षेत येतो, बीकॉमचा येत नाही. 'तुझ्या असाइनमेंटमध्ये ४२ टक्के साम्य निघालं, यूजीसीच्या नियमाने एक वर्ष बाद' असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

शिकवण्याच्या बाबतीतही दरी दिसते. पीएचडी करणाऱ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. सचोटीची मूलतत्त्वं पदवीच्या अभ्यासक्रमातही असावीत, असं २०१८ चे विनियम सांगतात. पण प्रथम वर्षाच्या मुलाला संदर्भ कसा द्यायचा हे कुणी बसवून शिकवतंय का, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयात विचारून बघावा.

सॉफ्टवेअर लावलं की काम भागणार नाही का?

पूर्ण नाही. यंत्रांचे दोन प्रकार आहेत आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या.

एक, साम्य शोधणारं सॉफ्टवेअर. इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधशुद्धी' उपक्रमातून विद्यापीठांना असं सॉफ्टवेअर मिळतं. ते मजकुराची तुलना आपल्याकडच्या साठ्याशी करतं. पण कुणी इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून दिलं, तर शब्द जुळत नाहीत आणि साम्य कमी दिसतं. हस्तलिखित जर्नल तर त्याच्या तोंडी लागतच नाही.

दोन, 'हे एआयने लिहिलंय का' सांगणारं सॉफ्टवेअर. यावर तर जास्तच सावध राहायला हवं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्याने एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर एआयचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते बंद झालं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात डिटेक्टर तपासले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध यंत्रांनी 'एआयचे' ठरवले. प्रत्यक्षात ते माणसांनी लिहिलेले होते. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांना मात्र यंत्रांनी जवळपास बरोबर ओळखलं. कारण सोपं आहे. मोजके शब्द, सरळ वाक्यं, ठरावीक रचना दिसली की यंत्राला संशय येतो. परक्या भाषेत लिहिणारा माणूस नेमकं तसंच लिहितो.

गोंदियासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलणारी मुलं मोठ्या संख्येने आहेत. प्रमाण मराठी शाळेत भेटते, इंग्रजी त्याहून पुढे. अशा मुलीने कष्टाने लिहिलेलं साधं इंग्रजी यंत्राने 'एआय' ठरवलं, आणि प्राध्यापकाने ते मान्य केलं, तर कॉपी न करताच ती चोर ठरते. घरातली पहिलीच पदवीची विद्यार्थिनी असेल तर ती दाद मागायला कुठे जाणार?

म्हणून यंत्राचा आकडा हा बोलणं सुरू करायचं निमित्त असू शकतो, पुरावा नाही.

विद्यार्थी उचलेगिरी करतात तरी का?

'मुलं आळशी झालीत' हे सर्वांत सोपं उत्तर आहे. ते काहींच्या बाबतीत खरंही असेल. पण या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा काही कारणं येतात. सगळं वजन एकाच कामावर असणं, गुणांपलीकडे त्या कामाला अर्थ न दिसणं, आणि 'हे आपल्याला जमणारच नाही' असं वाटणं.

यात स्थानिक कारणांची भर घालावी लागते.

- भाषा : स्वतःचे शब्द 'चुकीचे' वाटतात, पुस्तकातलं वाक्य सुरक्षित वाटतं. मग दोन वाक्यं इथली, तीन तिथली अशी गोधडी शिवली जाते. अनेकदा मुलाला ही चोरी आहे हेच माहीत नसतं. शाळेत वर्षानुवर्षं 'पुस्तकातल्यासारखं उत्तर' लिहिलं की पूर्ण गुण मिळालेले असतात.
- वेळ : जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत आणि कापणीच्या हंगामात घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. धानाची कापणी आणि हिवाळी परीक्षेची तयारी जवळपास एकाच वेळी येते. त्यातच पाच विषयांच्या असाइनमेंटची एकच शेवटची तारीख आली, की वही उतरवली जातेच.
- विषय : 'जागतिकीकरणाचे परिणाम लिहा' हा विषय दरवर्षी तोच असेल, तर मागच्या वर्षीची वही पुढे जाणार. यात दोष फक्त वही घेणाऱ्याचा नाही.

मग प्राध्यापकाच्या हातात नेमकं काय आहे?

भरपूर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत.

१. प्रश्न असा द्या की उत्तर गावातच सापडेल

'जलसंधारणाचे महत्त्व' यावर चॅटबॉट दहा पानं देईल. पण 'तुमच्या गावच्या मामा तलावाची पाळ आज कशी आहे, पाणी कोणत्या बांध्यांना जातं, पाणीवाटप कोण ठरवतं, हे तिघांना विचारून लिहा' याचं उत्तर त्याच्याकडे नाही. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. त्यानंतर प्रत्येक गावात काय झालं, ही गोष्ट वेगवेगळी आहे.

असे विषय प्रत्येक शाखेला मिळतात. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने राइस मिलचा हिशेब मांडावा. सरकारी धान भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो. मग उरलेल्या कोंडा, कनकी आणि भुशाचं काय होतं, मिलवाल्याला परवडतं कसं? प्राणिशास्त्राला सारस पक्षी आहे, नवेगाव-नागझिरा आहे. इतिहास आणि समाजशास्त्राला कचारगडची यात्रा आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला आजीच्या तोंडची पोवारी आहे.

चॅटबॉट इथेही खोटी मुलाखत रचून देऊ शकतो. म्हणून सोबत कच्च्या नोंदी, तारीख, जागेचा फोटो आणि कुणाला भेटलो त्याची माहिती मागावी. रचलेली मुलाखत दोन प्रश्नांत उघडी पडते.

२. एक मोठं काम तोडून चार लहान कामं करा

सत्राच्या शेवटी २० पानं मागितली की ती शेवटच्या रात्री 'तयार' होतात. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात विषय आणि प्रश्न, दुसऱ्यात नोंदी, तिसऱ्यात कच्चा मसुदा, चौथ्यात अंतिम अहवाल असं मागता येतं. प्रत्येक टप्प्याला थोडे गुण. काम कसं वाढत गेलं हे दिसतं, आणि मागे पडलेला विद्यार्थी वेळेत लक्षात येतो. तारखा ठरवताना हंगाम आणि इतर विषयांच्या प्राध्यापकांचं वेळापत्रक पाहिलं, तर निम्मी घाई तिथेच कमी होते.

३. पाच मिनिटांची तोंडी, पण चिठ्ठी टाकून

८० विद्यार्थ्यांची प्रत्येकी पाच मिनिटं तोंडी घ्यायची म्हणजे ४०० मिनिटं, जवळपास पावणेसात तास. एकट्या प्राध्यापकाला ते जमणारं नाही. पण 'कुणाच्याही दहा नावांच्या चिठ्ठ्या निघतील' असं सत्राच्या सुरुवातीलाच सांगितलं, तर काम ५० मिनिटांत होतं आणि तयारी सगळेच करतात. प्रश्न साधे असावेत. 'हा आकडा कुठून आणला?' 'हा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग.' उत्तर पोवारीत किंवा हिंदीत आलं तरी चालेल. तपासायची आहे ती समज.

४. स्वतःच्या शब्दांत लिहिणं म्हणजे काय, ते फळ्यावर दाखवा

'कॉपी करू नका' हे सांगणं आणि 'असं लिहा' हे दाखवणं वेगळं. समजा एका पुस्तकात असं वाक्य आहे :

'गाळ साचल्याने अनेक मामा तलावांची साठवण कमी झाली असून धानाला शेवटचे पाणी मिळत नाही.'

विद्यार्थी लिहितो : 'गाळामुळे बऱ्याच मालगुजारी तळ्यांची क्षमता घटली आहे आणि धानाला अखेरचे पाणी मिळत नाही.' शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं. लेखकाचं नाव नाही. ही उचलेगिरीच.

आता दुसरी पद्धत : 'तलावांची साठवण गाळामुळे घटली, असे अमुक लेखकाने म्हटले आहे. आमच्या गावच्या तलावात गाळाबरोबर पाळीजवळचे अतिक्रमणही दिसते.' इथे कुणाचं म्हणणं कुठे संपलं आणि विद्यार्थ्याचं कुठे सुरू झालं, ते स्पष्ट आहे. एवढं शिकवायला एक तासिका पुरते.

५. एआयबद्दल गप्प राहू नका

सरसकट बंदी घातली तरी ती तपासता येत नाही. मग प्रामाणिक मुलं नियम पाळतात आणि बाकीचे पुढे जातात. त्यापेक्षा प्रत्येक कामाला नियम लिहून द्यावा. या कामात एआय अजिबात नको. या कामात अवघड शब्द समजून घ्यायला किंवा व्याकरण तपासायला चालेल. या कामात वापरा, पण शेवटी दोन ओळींत सांगा की कुठे वापरला आणि त्याचं काय चुकलं. चॅटबॉट अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि संदर्भ बिनदिक्कत देतो. ते वर्गातच शोधायला लावलं, तर त्याच्यावरचा आंधळा विश्वास लवकर उडतो.

६. संशय आला तर आधी बोला

भर वर्गात नाव घेऊन वही फाडली की धाक बसतो, पण शिकणं थांबतं. विद्यार्थ्याला बाजूला बोलवावं, त्याच्या नोंदी पाहाव्यात, काम समजावून सांगायला लावावं. पहिल्यांदा आणि नकळत झालं असेल तर पुन्हा लिहायची संधी द्यावी. जाणूनबुजून आणि वारंवार होत असेल तर विभागाने आधीच ठरवलेली कारवाई करावी, आणि निर्णयात दुसरा प्राध्यापक सोबत असावा. नियम संस्थाचालकांच्या नातेवाइकालाही तोच हवा. नाहीतर मुलांना त्यातून वेगळाच धडा मिळतो.

शपथ घेतली, प्रतिज्ञापत्र भरून घेतलं तर?

याची एक गंमतशीर पण बोधक कथा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात संशोधन आलं. प्रामाणिकपणाच्या निवेदनावर फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली, तर लोक कमी खोटं बोलतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर त्याचा गवगवा झाला. २०२० मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा प्रयोग केल्यावर तो परिणाम दिसला नाही. पुढे मूळ आकडेवारीचा एक भाग बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरचा निबंधच बनावट आकड्यांमुळे गेला.

मग शपथेचा काहीच उपयोग नाही? तसंही नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ पासून 'ऑनर कोड' म्हणजे सचोटी-संहितेची परंपरा आहे. अशा संस्थांवरच्या अभ्यासांत कॉपीचं प्रमाण तुलनेने कमी आढळलंय. पण तिथे संहिता राबवण्यात विद्यार्थ्यांचा सहभाग असतो आणि तिच्यावर वर्षभर बोललं जातं. प्रवेश अर्जासोबत न वाचता केलेली सही म्हणजे संहिता नव्हे.

शिक्षकांच्या स्वतःच्या सचोटीचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण विद्यार्थी तो मनात विचारतातच.

पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजायला लागल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. गोंदियाची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्या नागपूर विद्यापीठाने १९९९ मध्ये फेरमूल्यांकनातल्या गुणवाढीचा घोटाळा पाहिलाय. गैरप्रकार फक्त बाकावर बसणाऱ्यांकडून होतात, हा समज त्यामुळे कधीच टिकला नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. आपल्या नोट्सखाली कोणत्या पुस्तकातून घेतलं ते लिहिणारे, 'हे मला माहीत नाही, पाहून सांगतो' म्हणणारे प्राध्यापक मुलांच्या लक्षात राहतात. त्यासाठी वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

अडचणी कोणत्या?

सर्वांत मोठी अडचण माणसांची. रिक्त जागा, तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक, मोठे वर्ग. ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळतं त्याच्याकडून चार टप्प्यांत मसुदे तपासायची अपेक्षा करायची, तर त्या वेळेचा हिशेबही महाविद्यालयाने धरायला हवा. शिवाय कडक तपासणीमुळे एखाद्या विषयाचे गुण घसरले, तर मुलं पुढच्या वर्षी तो विषय निवडणार नाहीत, ही भीती असतेच. म्हणून एकट्या प्राध्यापकाने सुरू केलेली गोष्ट विभागाने, मग महाविद्यालयाने उचलली तरच टिकते.

याने फरक कुणाला पडतो?

थेट विद्यार्थ्यालाच. गोंदियातून पदवी घेतलेला तरुण पुढे एमपीएससीला बसतो, नागपूर-पुण्यात मुलाखतीला जातो, बँकेत किंवा शाळेत लागतो. तिथे 'हा अहवाल तुम्हीच केलात ना, मग सांगा' असा प्रश्न कधीतरी येतो. ज्याने खरोखर तलावाच्या पाळीवर उभं राहून नोंदी घेतल्या, त्याला बोलायला विषय असतो. ज्याने वही उतरवली त्याच्याकडे फक्त गुणपत्रिका असते. आणि एकाच महाविद्यालयाच्या अशा गुणपत्रिका वाढत गेल्या, की प्रामाणिकपणे शिकलेल्यांच्या पदवीकडेही संशयाने पाहिलं जातं.

नवी श्रेयांक रचना अजून रुळते आहे. असाइनमेंटचे विषय, प्रकल्पांचे नियम, एआयबद्दलची भूमिका ठरवायला हाच योग्य वेळ आहे. एकदा जुन्या प्रोजेक्टच्या झेरॉक्स पिढ्यान्‌पिढ्या फिरायला लागल्या, की मग ती सवय मोडणं कितीतरी अवघड जातं.